बाण कुठे टेकतो?

१९८७ साली रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. आकाशात बाणाला बाण भिडत, ज्वाळा निघत, आणि टीव्ही असलेल्या एका घरात सगळी आळी दाटीवाटीने बसलेली असे. बाणाचे मागचे टोक दोरीत अडकते हे सर्वांना दिसत होते. पण पुढचा भाग नेमका कशावर टेकतो, हे विचारल्याचे मला आठवत नाही. कॅलेंडरवरच्या रामाच्या चित्रातही चित्रकार तेवढा भाग मुठीत झाकून मोकळा होतो.

प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण धनुर्विद्येचा निम्मा इतिहास या एका टेकूत आहे असे माझे मत झाले आहे. त्याचे कारण सांगायला आधी थोडे विज्ञान सांगावे लागेल. (सवय जात नाही!)

धनुष्याची दोरी सोडल्यावर ती धनुष्याच्या मध्याकडे धावते. बाणाने त्याच रेषेत सरळ जायला हवे. पण मध्यावर तर धनुष्याचे लाकूड आहे, मूठ आहे. म्हणजे बाण बाजूला ठेवावा लागतो. बाजूला ठेवला की दोरी मध्याकडे येताना बाणाची शेपटी मध्यावर ओढली जाते आणि टोक बाहेर ढकलले जाते. हिशेबाने प्रत्येक बाण मुठीच्या जाडीमुळे बाजूला जायला हवा. तरी तो सरळ जातो! इंग्रजीत याला धनुर्धराचा विरोधाभास अशा अर्थाचे नाव आहे. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली तेव्हा उलगडा झाला. दोरीचा धक्का बसताच बाण वाकतो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असा सापासारखा वळवळत तो मुठीला वळसा घालून जातो आणि पुढे सरळ होतो. डोळ्यांना हे कधीच दिसत नाही.

याचा अर्थ असा की बाण फार ताठ असला तर वळसा घालत नाही, फार लवचीक असला तर जास्तच वाकतो. प्रत्येक धनुष्याच्या ताकदीला जुळणारा बाण वेगळा. आज अमेरिकेत हे मोजतात ते असे : २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाची काडी ठेवायची, मध्यावर ८८० ग्रॅमचे वजन लटकवायचे आणि काडी किती झुकली ते इंचाच्या हजाराव्या भागात वाचायचे. त्या आकड्याला स्पाइन म्हणतात.

१९७०च्या दशकात मी सालेकसा भागात शिकवत होतो. तिकडे दरेकसा-कचारगडच्या बाजूच्या गोंड घरांत तेव्हा धनुष्य आढ्याला अडकवलेले दिसे. धनुष्य बांबूचे. आणि नव्या माणसाला नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे दोरीही बांबूचीच, बांबूच्या वरच्या चिवट सालीची लांब पट्टी काढून केलेली. पाखरांसाठी बोथट टोकाचे बाण आणि जनावरासाठी लोखंडी पात्याचे. एका विद्यार्थ्याचे आजोबा बाण करत बसलेले असत. एक काडी घेत, दोन्ही हातांनी हलकीच वाकवत, सोडत, आणि बाजूला ठेवत. दोन ढीग होत. मी विचारले तर म्हणाले, "गुरुजी, हा पोराच्या धनुष्याचा होय. माझ्या धनुष्याला नाही चालत." तेव्हा मला वाटले लांबीचा फरक असेल. लांबी तर सारखीच होती. ८८० ग्रॅमच्या वजनाशिवाय त्या बोटांनी स्पाइन मोजून झाली होती.

आणि टेकू? टेकू म्हणजे त्यांची मूठ. उजव्या हाताने दोरी ओढणारा माणूस डाव्या हाताची मूठ धनुष्यावर आवळतो आणि तर्जनीच्या पेरावर बाण ठेवतो. बाण सुटताना पिसे हातावरून घासत जातात. म्हणून पिसाचे पुढचे टोक बारीक धाग्याने घट्ट बांधून घ्यायचे असते, नाहीतर तेच पिसाचे देठ हातात घुसते. साधी गोष्ट आहे, पण पुस्तकातल्या चित्रांत ती सापडत नाही.

हाताचा टेकू दोन प्रकारचा असतो, आणि इथे मला महाभारतातला एकलव्य आठवतो. जगात दोरी ओढण्याच्या दोन मोठ्या रीती आहेत. एक बोटांची, युरोपात आणि आपल्या बऱ्याच जंगलवासी समाजांत चालणारी. तीत बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला, तर्जनीच्या पेरावर. दुसरी अंगठ्याची, मंगोल, तुर्क, इराणी आणि मोगलांची. तीत अंगठ्याने दोरी धरतात आणि बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. मोगल बादशहांच्या रत्नजडित अंगठ्या संग्रहालयांत आहेत, त्या याच कामाच्या. दोरीने अंगठा चिरू नये म्हणून.

द्रोणाचार्यांनी एकलव्याचा उजवा अंगठा मागितला. आपण शाळेत तिथेच थांबतो, मीही मुलांना तिथेच थांबून गुरुभक्तीवर निबंध लिहायला लावीत असे. पण आदिपर्व पुढे सांगते की त्यानंतर तो बोटांनी धनुष्य ओढू लागला, आणि त्याचा वेग पूर्वीइतका राहिला नाही. बोटांनी ओढायला लागले की दोरीला पडणारा पीळ उलटा होतो. मग बाण उजव्या अंगाला राहत नाही, घसरून पडतो. तो डावीकडे घ्यावा लागतो, अंगठ्यावरून तर्जनीच्या पेरावर आणावा लागतो. म्हणजे माझा तर्क असा, की एकलव्याला दोरी ओढणेच नव्हे, बाणाचा टेकू, नेम, बाण लावण्याची सगळी हालचाल उलट्या बाजूने पुन्हा शिकावी लागली असणार. वेग कमी झाला यात नवल कसले. तो पुन्हा शिकला, हेच नवल. (आणि सव्यसाची अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडायचा, म्हणजे त्याचा टेकू सतत बाजू बदलत असणार! यावर अजून विचार चालू आहे.)

हाताऐवजी पाय टेकू झाल्याचीही उदाहरणे आहेत. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियनने लिहिले आहे की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून, दोरी मागे ओढत. आणि आमच्या शेजारच्या बस्तरमधल्या माडिया गोंडांबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदले आहे की ते पायांनी धनुष्य वाकवतात आणि दोन टाचांच्या मध्ये धरलेला लांब बाण अचूक सोडतात. टाचांच्या मध्ये! म्हणजे बाण दोन्ही बाजूंनी धरलेला, मधोमध, कुठे घसरायला जागा नाही. आजचे कारखाने ज्याच्या मागे लागले आहेत ती गोष्ट हीच. ती पुढे येईल.

तिसरा प्रकार नळीचा. शार्ङ्गधराच्या १३६३ सालच्या संग्रहात धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात नळीतून सोडायच्या छोट्या बाणांचा, नालिकांचा, उल्लेख येतो, उंचावर आणि लांबवर मारा करायला, किल्ल्याच्या लढाईत. काही जण यात बंदूक शोधतात. मला ते पटत नाही. कारण फारसीत नेमके असेच साधन आहे, नावक. खाचेची किंवा नळीची एक लांब पन्हळ. तीत बोटभर लांबीचा बाण ठेवायचा आणि नेहमीच्या धनुष्याने सोडायचा. बाण आखूड असल्याने तो हलका, वेगवान आणि शत्रूला दिसायला अवघड. आमच्या गोंदियाला अर्धा कारभार हिंदीत चालतो, त्यामुळे बिहारीच्या सतसईतल्या दोह्यांना 'नावकाच्या तीरांची' उपमा देतात हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दिसायला लहान, घाव मोठा. पण ते नावक म्हणजे बाणाला टेकू देणारी पन्हळ, हे हिंदीच्या मास्तरांनीही कधी सांगितलेले ऐकले नाही. तुर्कांनी आणखी एक युक्ती केली. डाव्या मनगटावर खाचेची एक छोटी पट्टी बांधायची, सिपर नावाची, म्हणजे आखूड बाण मुठीच्याही मागे ओढता येतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत त्यांचे बाण शेकडो मीटर जात.

आता एकदम अमेरिकेत जावे लागते, कारण टेकू हातावरून उतरला तो तिथे. सुरुवात मात्र एका आदिवासीपासूनच आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा. त्याला इशी म्हणू लागले, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'. विद्यापीठाच्या रुग्णालयातला डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकला. इशी १९१६ साली क्षयाने गेला. पोपने १९२३ साली पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत हौशी लोक धनुष्य घेऊन रानात जाऊ लागले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याने हरीण मारायला स्वतंत्र हंगाम दिला, असे करणारे ते पहिले राज्य.

माझा एक पुतण्या त्याच विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि मित्रांच्या नादाने धनुष्याने शिकार करतो. (आमच्या घराण्यात यावरून दोन तट आहेत. त्यात इथे शिरत नाही.) गेल्या वर्षी त्याने फोनवर अर्धा तास एकच रडगाणे लावले, ॲरो रेस्ट कोणता घ्यावा. मला गंमत वाटली. मग कागद घेऊन बसलो, त्याला एकेक विचारत गेलो, पुढे स्वतः वाचत गेलो.

झाले असे. पूर्वी लाकडी धनुष्यात फार खाच पाडता येत नसे, लाकूड तुटे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या पट्ट्या चिकटवलेली मजबूत धनुष्ये आली. त्यांची मूठ कोरून मध्यापर्यंत खिडकी पाडता आली. त्या खिडकीच्या तळाला चामड्याचा तुकडा किंवा केसाळ कापड चिकटवले, झाला टेकू. मग प्लास्टिकची वाकणारी दांडी आली. मग व्हिक बर्जर या धनुर्धराच्या नावाने ओळखले जाणारे बटण. मुठीतून आडवी जाणारी एक छोटी दट्ट्यासारखी खुंटी, आत स्प्रिंग. बाणाने तिला दाबले की ती थोडी आत जाते. बाण ताठ असला तर स्प्रिंग सैल करा, लवचीक असला तर आवळा. म्हणजे पूर्वी बाण बदलावा लागे, आता स्क्रू फिरवला की झाले. आजोबांचे दोन ढीग त्या एका स्क्रूत गेले म्हणा ना.

१९६६ साली मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन याने कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ साली ते मिळाले. हे कंपाउंड धनुष्य. त्यावर बोटांऐवजी मनगटाला बांधलेला चाप वापरू लागले. आणि चाप आला की सगळे गणित बदलले. बोटांवरून दोरी घसरताना बाजूला सरकते, म्हणून बाण आडवा वाकतो. चाप दोरी सरळ सोडतो, म्हणून बाण वाकतो तो मुख्यतः वर-खाली. तेव्हा बाजूच्या बटणाचे काम संपले आणि आधार खालून हवा झाला. दोन शिंगे किंवा पोलादी पाते, त्यावर बाण. स्पर्धेतले कंपाउंडवाले बहुधा हे पातेच वापरतात.

पण रानात पाते चालत नाही. झाडावर दोन-तीन तास बसलेला माणूस थंडीने गारठतो, धनुष्य जरा कलले की बाण पात्यावरून घरंगळतो आणि पत्र्यावर टण् असा आवाज होतो. हरीण गेलेच. त्यासाठी ब्रशच्या केसांचे एक गोल कडे निघाले. बाण मधोमध खुपसायचा, चारी बाजूंनी धरलेला. माडियांच्या टाचा! धनुष्य उलटे केले तरी बाण पडत नाही. दोष एवढाच की पिसे त्या केसांतून घासत जातात, थोडा वेग जातो, पिसे झिजतात, आणि डिसेंबरात त्यावर बर्फ धरला की केस ताठ होतात. म्हणून मग पडणारा रेस्ट. दोरी ओढताना एका बारीक दोराने तो वर उठतो, बाणाला आधार देतो, आणि बाण सुटला की पिसे येण्याआधी खाली पडून जातो. कशालाच कशाचा स्पर्श नाही. पण हलणारे भाग जास्त, दोर सैल झाला की संपले. पुतण्याने शेवटी हाच घेतला. माझा कल कड्याकडे होता. ज्याला रात्री अंधारात जाऊन पहाटेपर्यंत बसायचे आहे त्याने बिघडायला कमीत कमी जागा असलेली वस्तू घ्यावी. पण ऐकतो कोण?

घेतल्यावर जुळवणे आले, आणि ते मला घेण्यापेक्षा जास्त आवडले. आधी बाण मुठीपासून साधारण पाऊण इंचाहून किंचित जास्त अंतरावर, दोरीच्या रेषेत आणायचा. बाण आणि दोरी यांचा काटकोन करायचा. मग एका चौकटीत कागद ताणून पाच-सहा फुटांवरून त्यातून बाण सोडायचा आणि कागद कसा फाटला ते वाचायचे. गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा असल्या तर बाण सरळ गेला. फाटलेली चीर वर गेली, म्हणजे पिसे टोकापेक्षा वर होती, तर दोरीवरची बाणाची जागा किंचित खाली घ्यायची किंवा रेस्ट वर. तेही एका वेळी केसभरच. मग पिसांना पायाची पावडर फवारून बाण सोडायचा. पावडर पुसली गेली असेल तिथे पीस कशाला तरी लागते आहे. पडणाऱ्या रेस्टची वेळ वेगळी जुळवायची. लवकर पडला तर बाणाचा आधार जातो, उशिरा पडला तर पिसे आपटतात. बाणाची दांडी जिथे टेकते तिथे फेल्टचा तुकडा चिकटवायचा, ओढताना खरखर होऊ नये म्हणून. शेवटी शिकारीचे रुंद पाते लावून पुन्हा सगळे तपासायचे, कारण रुंद पाते वारा धरते आणि साध्या टोकाने लपलेली चूक लगेच दाखवते.

आवाजाचा हिशेब मी पुतण्याला मांडून दाखवला. वीस यार्ड म्हणजे साठ फूट. सेकंदाला तीनशे फुटांच्या वेगाने बाणाला लागतो एक पंचमांश सेकंद. ध्वनी सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो, तो साधारण एक विसांश सेकंदातच पोचतो. हरणाला बाणाच्या आधी बातमी कळते, आणि ते खाली दबते. म्हणून तिकडचे अनुभवी लोक नेम थोडा खाली धरतात. सालेकशाचे आजोबाही जनावराच्या अगदी जवळ गेल्याशिवाय बाण सोडू नये म्हणत. कारण तेच असणार.

त्या आजोबांचे पुढे काय झाले ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७८च्या वन कायद्याने जंगल राखीव होऊ लागले, १९२७च्या कायद्याने ते पक्के झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांची व्याख्या आहे, तीत बंदूक, सापळे, विष यांच्या बरोबरीने धनुष्यबाण नावानिशी येतो. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीही संपल्या. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० सालचे, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे, आणि दोन्ही मिळून २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प. हे व्हायला हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज तिथे वाघ आहे तो त्यामुळेच. बंदुकीच्या आणि जीपच्या शिकारीने जंगल रिकामे केले आणि बंदी मात्र बांबूच्या धनुष्यावरही सारखीच आली, एवढेच मनात राहते. २००६चा वनहक्क कायदा तर वाचण्यासारखा आहे. त्यात बांबू हे गौण वनोपज ठरवून त्यावरचा हक्क वनवासींना दिला, आणि पुढे इतर सर्व पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क वगळला. धनुष्याचा बांबू मिळाला, बाण सोडायची जागा नाही.

ती जागा खेळाच्या मैदानावर मिळेल असे सरकारला १९८०च्या दशकात वाटले होते, आणि ते अगदीच खोटे ठरले नाही. राजस्थानच्या आदिवासी भागातला लिंबाराम बांबूच्या धनुष्याने पाखरे मारायचा. १९८७च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणाने त्याला हेरले, आणि १९८८, १९९२, १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तो खेळला. महाराष्ट्राचे यश मात्र दुसऱ्या वाटेने आले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण केले. पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात. ओजस तयार झाला तो साताऱ्याच्या अकादमीत, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे, तेव्हा ही नावे पुन्हा ऐकू येतील अशी आशा आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर 'इंडियन राउंड' नावाचाही एक प्रकार चालतो. पन्नास आणि तीस मीटर अंतर, धनुष्य बांबूचे. देवरी-सालेकशाच्या पोराला तिथवर जाता येते, कारण ते धनुष्य परवडते. पुढे कंपाउंडकडे वळायचे तर धनुष्य, चाप, दुर्बीण, कार्बनचे बाण आणि तो रेस्ट मिळून खर्च लाखाच्या वर जातो. पुतण्याला मी विचारले, तुझा जुना रेस्ट काय केलास? म्हणाला, काका, ड्रॉवरमध्ये तीन पडले आहेत. पुढच्या खेपेला घेऊन ये म्हटले आहे.